पर्सेंटाइल घसघशीत, टक्के बेताचे

काही घरांत पेढे दोनदा आणायचे ठरलेले असते आणि येतात एकदाच. मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो, मोबाइलवर ५८ टक्के दिसतात आणि घर गप्प होते. शेजारच्या काकूंनी विचारले तर आई "पास झाला" एवढेच सांगून विषय बदलते. मग जूनमध्ये सीईटीचा निकाल येतो आणि त्याच मुलाच्या नावापुढे ९६ पर्सेंटाइल असतात. आता पेढे येतात. पेढ्यांच्या पाठोपाठ प्रश्नही येतात. हा मुलगा नक्की हुशार की बेताचा? त्याला चांगले इंजिनिअरिंग कॉलेज मिळेल का? मिळाले तर तिथली फी आपल्याला झेपेल का?

पहिला प्रश्न आपण शेवटी घेऊ. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे नियमांत आहेत, आणि घरोघरी समजले जाते त्यापेक्षा हे नियम या मुलाच्या बरेच बाजूचे आहेत.

टक्के उंबरठ्यापुरते

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या राज्य कोट्यातील जागा सीईटीच्या पर्सेंटाइलवर भरल्या जातात. बारावीचे गुण पात्रतेपुरते पाहिले जातात. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय (बहुतेकांचा रसायनशास्त्र) यांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के लागतात आणि राज्यातील मागास प्रवर्गांना ४० टक्के. तीन विषयांचे ३०० गुण धरले तर हा आकडा १३५ आणि १२० होतो. तेवढे असले की ५८ टक्केवाला आणि ९२ टक्केवाला एकाच रांगेत उभे राहतात, आणि रांग लागते सीईटीने. दोघांचे पर्सेंटाइल अगदी सारखे आले तर आधी सीईटीतील विषयवार पर्सेंटाइल पाहिले जातात. बारावीच्या गुणांची पाळी त्यानंतर येते.

यात एक खाच आहे. गुणपत्रिकेवरची एकूण टक्केवारी इथे कामाची नसते. इंग्रजी, मराठी यांसारख्या विषयांनी एकूण आकडा ५८वर नेलेला असतो आणि तीन मुख्य विषयांची बेरीज १३० भरते. असा मुलगा ९६ पर्सेंटाइल घेऊनही खुल्या प्रवर्गातून अपात्र ठरतो. म्हणून निकालाच्या दिवशी पहिले काम हेच: तीन विषयांची बेरीज कागदावर करून पाहणे.

हा नियम कायम असाच होता असे नाही. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्याने स्वतःची सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन स्वीकारली होती आणि गुणवत्ता यादीत बारावीला निम्मे वजन दिले होते. त्या दोन वर्षी हा मुलगा मागे पडला असता. २०१६पासून सीईटी परतली. थोरल्या भावंडाच्या किंवा मामेभावाच्या अनुभवावरून सल्ला देणारे घरात असतातच. त्यांनी प्रवेश कोणत्या वर्षी घेतला एवढे विचारून घ्यावे.

९६ म्हणजे ९६ गुण नव्हेत

पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक घरात होते. सीईटीचा पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, आणि गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. त्यामुळे थेट गुणांची तुलना न करता आपल्या सत्रातील किती टक्के मुले आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत हे मोजतात. तोच पर्सेंटाइल. ९६ पर्सेंटाइल असलेल्याला २०० पैकी १९२ मिळालेले नसतात, त्याहून पुष्कळ कमी मिळालेले असतात.

आता रांग मोजू. परीक्षेला ४ लाख मुले बसली असे धरा. ९६ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे ४ टक्के, म्हणजे सुमारे १६,००० मुले आहेत. ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे ४०,०००. आकडा छाती दडपणारा वाटतो. पण पुढच्यांपैकी काही आयआयटी-एनआयटीकडे वळतात, काही परराज्यात जातात, आणि उरलेले राज्यभरच्या कॉलेजांत आणि शाखांत विखुरतात. वरच्या टोकाला एकेक पर्सेंटाइल महाग असतो, तेही लक्षात ठेवायला हवे. ९९ आणि ९८ यांच्यात ४,००० मुले उभी असतात. बारावीच्या ६२ आणि ६३ टक्क्यांतला फरक आपण जसा सोडून देतो, तसा हा सोडता येत नाही.

फी कशावर ठरते?

इथपर्यंत बारावी आणि सीईटीचा हिशेब झाला. फीचा हिशेब या दोन्हींपेक्षा वेगळ्या वहीत असतो.

१९८३मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी मूठभर सरकारी आणि अनुदानित संस्था होत्या. आज या दोन्ही जाती शेजारी शेजारी नांदतात आणि दोघींच्या फीत कित्येक पटींचा फरक असू शकतो.

पहिली जात सरकारी, अनुदानित आणि विद्यापीठाच्या संस्थांची. पुण्याचे सीओईपी १८५४चे आणि माटुंग्याचे व्हीजेटीआय १८८७चे. त्यांची नावे सर्वांना पाठ असतात. पण यादी तिथे संपत नाही. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर आणि आंबेगाव तालुक्यातील अवसरी येथे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत. सांगलीचे वालचंद १९४७पासून चालू आहे. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंहजी संस्था आहे आणि रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. पुण्या-मुंबईची पाच खासगी नावे पाठ असलेल्या घरात कराड आणि अमरावतीचे नावही निघत नाही. परवडणाऱ्या कॉलेजचा शोध नेमका इथून सुरू व्हायला हवा.

दुसरी जात विनाअनुदानित खासगी कॉलेजांची. यांची फी संस्थेने मनाला येईल तशी लावायची नसते. २०१५च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी प्रत्येक कॉलेजची फी मंजूर करते आणि ती जाहीर असते. माहितीपुस्तिकेत छापलेला आकडा आणि मंजूर आकडा शेजारी ठेवून पाहावा. मंजूर फीपेक्षा वरची मागणी, मग तिला देणगी म्हणा की विकासनिधी, कायद्याला धरून नसते. कॅपिटेशन फीवर राज्यात १९८७पासून कायद्याने बंदी आहे.

पर्सेंटाइलचे पैसे करणारी जागा

चांगल्या पर्सेंटाइलचा सरळ पैशात मोबदला देणारी एक सोय आहे आणि तिच्याकडे पुष्कळ घरांचे दुर्लक्ष होते. तिचे नाव टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफी योजना. मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंत जादा जागा यासाठी असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेला कोणत्याही प्रवर्गातील विद्यार्थी त्या मागू शकतो. प्रवेश गुणवत्तेवर मिळतो आणि शिकवणी शुल्क माफ होते. बाकीचे किरकोळ शुल्क भरावे लागते. पर्यायांच्या यादीत या जागेचा संकेतांक वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी इंग्रजी टी हे अक्षर येते. तो स्वतंत्रपणे भरला नाही, तर कितीही पात्र असलात तरी ती जागा तुमच्याकडे चालत येणार नाही.

एका शाखेत अशा जागा तीन-चारच असल्याने त्यांचा कटऑफ त्याच वर्गाच्या साध्या जागेपेक्षा वर जातो. म्हणजे ९६ पर्सेंटाइलवाल्यापुढे निवड अशी उभी राहते: नामांकित खासगी कॉलेजात पूर्ण फी भरून साधी जागा, की त्याहून एक पायरी खालच्या कॉलेजात जवळजवळ फुकट शिक्षण? तोल कुठे जाईल हे घर आणि कॉलेज पाहून ठरेल. ही निवड आपल्याला आहे, एवढे मात्र अर्ज भरण्याआधी कळायला हवे. माफीच्या जागेवर पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, हेही आधीच कळलेले बरे.

माफी मिळाली नाही तर शिष्यवृत्तीचा रस्ता उरतो. ज्याला सगळे 'ईबीसी सवलत' म्हणतात ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याची निम्मी शिकवणी फी भरते. २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी स्वतंत्र योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मागता येतो. हे सारे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात.

या सवलतींची एक सामाईक अट आहे: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून "सीट पक्की" करणारा माणूस ही गोष्ट आपणहून सांगत नाही.

हिशेब चार वर्षांचा

सरकारी म्हणजे स्वस्त आणि खासगी म्हणजे महाग हे समीकरण घराचा पत्ता घातला की डळमळते. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आपले आकडे घालून ते पुन्हा मांडावेत.

समजा, घराजवळच्या खासगी कॉलेजची फी १,४०,००० रुपये आहे. त्यात शिकवणी शुल्क १,२०,००० आणि इतर २०,०००. मुलगा घरी राहणार. परगावच्या सरकारी कॉलेजची फी ४०,००० आहे, त्यात शिकवणी शुल्क २४,०००. राहणे, मेस आणि येणे-जाणे धरून वर्षाला १ लाख. दोन्हींची बेरीज सारखीच येते, १,४०,०००.

आता ईबीसी सवलत लावू. खासगीतले ६०,००० कमी होऊन ८०,००० उरतात. सरकारीतले १२,००० कमी होऊन १,२८,०००. चार वर्षांत घराजवळचे खासगी कॉलेज ३,२०,००० रुपयांत पडते आणि परगावचे सरकारी ५,१२,००० रुपयांत. घराजवळच टीएफडब्ल्यूएसची जागा मिळाली तर चार वर्षांचा खर्च ८०,०००वर येतो. पूर्ण माफीला पात्र असलेल्या मुलीचा हिशेबही जवळपास तिथेच थांबतो.

यावरून कराड-अमरावती सोडून गल्लीतले कॉलेज धरावे असा निष्कर्ष काढायचा नाही. जुन्या सरकारी कॉलेजच्या पदवीला वजन असते, प्रयोगशाळा आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे असते. वसतिगृहात खोली मिळाली तर १ लाखाचा आकडाही पुष्कळ खाली येतो. हिशेब मांडल्यावर एवढे कळते की त्या वजनासाठी आपण नेमके किती रुपये मोजतो आहोत. आकडा समोर असला की घरातला वाद शांतपणे होतो.

कटऑफची यादी कशी वाचावी

सीईटी कक्ष मागील वर्षांचे कटऑफ फेरीनिहाय प्रसिद्ध करतो. यादी उघडली की 'जीओपनएच', 'एलओपनएस' अशी अक्षरे दिसतात आणि अर्धे पालक तिथेच फाइल मिटतात. किल्ली सोपी आहे. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे महिलांची जागा. मधले अक्षरगट प्रवर्ग सांगतात. शेवटचा एच म्हणजे गृह विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठक्षेत्रातल्यांच्या आणि एस म्हणजे राज्यस्तरीय. आपल्याला लागू असलेले दोन-तीन रकानेच पाहायचे. एका वर्षावर विसंबू नये. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत, म्हणजे शाखेचे चढ-उतार दिसतात.

शाखेचा प्रश्न इथेच सोडवावा लागतो. ज्या पर्सेंटाइलला नामांकित कॉलेजची कॉम्प्युटर शाखा हाताला लागत नाही, त्याच्या आसपास सीओईपीत मेटलर्जी किंवा व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइल यांसारख्या कमी मागणीच्या शाखा तपासून पाहाव्यात. त्या विषयाची आवड असेल तर कमी फीत उत्तम शिक्षणाचा हा राजमार्ग आहे. आवड नसताना केवळ कॉलेजच्या पाटीसाठी तिकडे जाणे महागात पडते, कारण चार वर्षे पाटी वाचून निघत नाहीत.

अर्जात ३००पर्यंत पर्याय भरता येतात. क्रम आपल्या आवडीचा ठेवावा. वरचा पर्याय न मिळाल्यामुळे खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. मात्र पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. म्हणून जिथे जायचे नाही असे नाव पहिल्या ओळीत लिहू नये. पुढच्या फेऱ्यांत किती पर्याय बंधनकारक होतात हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण हे नियम बदलत असतात.

कॉलेजचा दर्जा पाहताना 'सर्वोच्च पॅकेज'च्या फलकाकडे पाठ फिरवावी. तो आकडा एका मुलाचा असतो. एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजे जी माहिती देतात तिच्यात नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार असतो, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून जास्त मिळाला तो आकडा. आपल्या कामाचा तो.

कागदपत्रे निकालाची वाट पाहत नाहीत

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, जात वैधता. यांतला एक कागद मुदतीत नसला तर पर्सेंटाइल तसाच राहतो आणि फी बदलते, कधी प्रवर्गच बदलतो. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग असते आणि जात वैधतेला तर महिने लागतात. हे काम बारावीचे वर्ष सुरू होताच काढावे. सीईटीच्या अभ्यासाचा भार मुलावर आहे. हा भार पालकांनी उचलायचा आहे.

टक्के पुन्हा भेटतात

बारावीचे टक्के सगळीकडे उंबरठ्यापुरतेच असतात असे समजू नये. जेईई मेनमधून नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत जायचे तर बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. दिल्ली विद्यापीठाचे याउलट झाले. २०२१पर्यंत तिथल्या काही अभ्यासक्रमांचे कटऑफ १०० टक्क्यांना भिडत होते. २०२२पासून प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात आणि बेताच्या टक्क्यांच्या मुलाला ते दार उघडले. इंजिनिअरिंगची ओढ नसलेल्यांनी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटीही पाहावी. तिथेही बारावीची अट खुल्या प्रवर्गाला ४५ टक्क्यांची आहे.

टक्के नंतर भेटतात ते नोकरीच्या दारात. कॅम्पसवर येणाऱ्या अनेक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के मागतात. बारावीत ५८ असलेल्या मुलाला ही गोष्ट तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आज कळलेली बरी. बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा देता येते. ती न देता त्या चाळणीबाहेरच्या वाटाही आहेत, आणि त्यांत एमटेक प्रवेशाची गेट परीक्षा ही या मुलाच्या स्वभावाला साजेशी वाट आहे. पुन्हा एकच परीक्षा, पुन्हा चांगला स्कोअर आणि एमटेकला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन.

आता तो राहिलेला पहिला प्रश्न. मुलगा हुशार की बेताचा? दोन निकाल दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. सीईटी नेमके उत्तर पटकन ओळखण्याची ताकद मोजते. बारावी वर्षभर वह्या पूर्ण करण्याची, पायऱ्या न गाळता उत्तर लिहिण्याची आणि प्रॅक्टिकलला वेळेवर हजर राहण्याची सवय मोजते. इंजिनिअरिंगची चार वर्षे बारावीसारखी असतात. दर सहा महिन्यांनी लेखी पेपर, जर्नल, सबमिशन, तोंडी परीक्षा. तिथे पर्याय 'अ' ते 'ड' छापलेले नसतात. ९६ पर्सेंटाइलच्या मुलाला पहिल्याच सत्रात दोन केटी लागतात, म्हणजे दोन विषय राहतात, तेव्हा घराला धक्का बसतो, पण त्याची सूचना बारावीच्या गुणपत्रिकेने आधीच दिलेली असते. आणि वर्ष वाया गेले तर खोलीभाडे, मेस आणि सवलतीचे एक वर्ष असे सगळेच हातचे जाते. परवडणारे कॉलेज म्हणून जे निवडले, तेच मग महाग होते.

म्हणून शेवटचे काम अर्ज भरण्याआधी करावे. एका कागदावर तीन आकडे लिहावेत: तीन विषयांची बारावीची बेरीज, सीईटीचा पर्सेंटाइल आणि चार वर्षांचा घरचा खर्च. मधल्या आकड्याने दार उघडेल आणि तिसऱ्याने कोणते दार ठोठावायचे ते ठरेल. पहिला आकडा कमी असेल तर मुलाशी एकदा निवांत बोला. कमी का पडला, हे रागावून विचारायचे नाही. आत गेल्यावर रोज दोन तास लिहायला बसशील का, एवढेच विचारायचे.